कटप्पाचं कोडं आणि पुढचा अभ्यासक्रम

सिनेमातल्या पात्राचं कोडं सोडवायला बसण्याआधी इच्छुकानं एक गोष्ट ठरवून टाकावी: आपल्याला उत्तर हवंय की कोडं हवंय? ज्यांना उत्तर हवंय त्यांनी निजामाबादेत सोयरिक जमवावी. का ते पुढं येईलच. बाकीच्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे डोळ्यांपुढं ठेवून ते लिहिलंय, परभणीकरांनी वाचायला हरकत नाही.

पायाभूत धडा अर्थातच कटप्पाचा. ‘बाहुबली’चा पहिला भाग १० जुलै २०१५ ला आला. शेवटी कटप्पा स्वतःच्या तोंडानं सांगतो की अमरेंद्र बाहुबलीला मीच मारलं, आणि थिएटरातले दिवे लागतात. म्हणजे आरोपी कबूल, मयताची ओळख पटलेली. तपासात उरलं काय, तर फक्त कारण. तेवढ्या कारणासाठी दिग्दर्शक राजामौलींनी देशाला २८ एप्रिल २०१७ पर्यंत, पावणेदोन वर्षं ताटकळत ठेवलं.

लातुरात अशा प्रश्नाला हात घालायची रीत ठरलेली आहे. आधी चार पर्याय पाडायचे. अ) राजमातेचा हुकूम. ब) भल्लाळदेवाशी संगनमत. क) मेला तो खरा बाहुबली नव्हताच. ड) वरीलपैकी सर्व. मग ‘नीट’चा नियम लावायचा: बरोबर आलं तर चार गुण, चुकलं तर एक वजा. गुण कापले जाणार म्हटलं की शहाणं पोरगं गुपचूप ‘अ’वर येतं. ‘अ’च बरोबर निघालं. भल्लाळदेव आणि त्याच्या बापानं राजमाता शिवगामीचे कान भरले, तिनं हुकूम सोडला आणि सिंहासनाशी पिढीजात बांधलेल्या कटप्पानं तो पाळला. पण पावणेदोन वर्षं मजा मारली ती ‘क’वाल्यांनी. रोज नवा पुरावा, रोज नवं भांडण. ‘अ’वाले पहिल्याच आठवड्यात घरी जाऊन झोपले होते.

त्याच मधल्या काळात लातूर तहानलेलं होतं. मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी लागली. पाचांहून जास्त माणसांनी गोळा व्हायचं नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर घेऊन. टँकरची वाट बघत उभ्या माणसाला बोलायला काहीतरी लागतंच, आणि पाण्याविषयी बोलून पाणी लवकर येत नाही. तेव्हाच्या परिस्थितीतून निघालेला नियम आजही पाळण्यासारखा आहे: चर्चेला पाच जण पुरेत. सहाव्याकडं नवी थिअरी असेल तरच त्याला थांबू द्यावं, नाहीतर घागरीसकट पुढं पाठवावं.

आता खबरदारी. नांदेडकराला खरा धोका पूर्वेकडून आहे. धर्माबाद सोडलं की गाडी बासरला, म्हणजे तेलंगणात शिरते. धर्माबाद, बिलोली, देगलूरकडच्या कित्येक घरांत तेलुगू बोलली जाते, आणि पाहुणे बोधन-निजामाबादेत. ही माणसं मूळ तेलुगूत सिनेमा बघून मोकळी होतात; आपण हिंदीच्या तिकिटाच्या रांगेतच असतो. अशा वेळी फोन उचलू नये. उचलला तर संवाद साधारण असा होतो:

“दाजी, काही सांगू नका हं.”

“मी कुठं काय सांगूलालो? तू फक्त राजमातेवर ध्यान ठेव.”

दाजींना उलटून बोलता येत नाही, त्यामुळं या इजेवर इलाज नाही. उदगीरवाल्यांचं बरं, त्यांचे पाहुणे बीदरकडं, त्यांना वेळेवर कळलं तर नशीब.

पुढचा अभ्यासक्रम २७ जून २०२४ ला ‘कल्की २८९८ एडी’नं आणला. शीर्षकातलं कोडं सोपं आहे. परंपरेनं कलियुग सुरू झालं इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये. त्यात २८९८ मिळवले की सहा हजार. दिग्दर्शक नाग अश्विन यांनी हा हिशोब स्वतःच सांगून टाकला, म्हणून त्याला गुण नाहीत. इसवी सनात शून्य हे वर्षच नाही, सबब बेरीज ५९९९ येते, असं सांगणारे गणिताचे एक सर प्रत्येक टोळक्यात असतात. त्यांना चहा पाजावा आणि विषय बदलावा.

गुण आहेत अश्वत्थाम्याला. महाभारताच्या सौप्तिक पर्वात त्याला भटकायचा शाप आहे तो तीन हजार वर्षांचा. पडद्यावरचे अमिताभ बच्चन दुप्पट मुदत उलटली तरी उभेच. कल्कीच्या आईच्या रक्षणासाठी कृष्णानं त्याला राखून ठेवलं, हे सिनेमाचं उत्तर; पण कीर्तनं ऐकून पिकलेले आजोबा ते मानत नाहीत. त्यांचा पेच वेगळाच: हा तर सात चिरंजीवांपैकी एक, मग बेमुदत आयुष्य आणि मुदतीचा शाप एकाच खात्यावर कसे? यावर रात्र काढता येते.

आणि इथंच नांदेड जिल्ह्याची खास थिअरी येते. सिनेमाच्या शेवटी नायक भैरव हा कर्ण असल्याचं उघड होतं. कर्णाला शाप दिला परशुरामानं. अश्वत्थाम्याच्या बापाला, द्रोणाला, अस्त्रं दिली परशुरामानं. परशुराम चिरंजीव, आणि कल्कीपुराणात कल्कीचा गुरूही तोच. म्हणजे पुढच्या भागात तो येणार. येणार तर कुठून? माहूरहून, रेणुकामातेचं ठाणं सोडून लेक दुसरीकडं कशाला राहील? कोकणातले लोक इथं हरकत घेतील, घेऊ द्यावी. मला ही थिअरी फार आवडते. पुरावा शून्य आहे, पण चारपैकी तीन खांब पोथीतले आहेत, आणि चौथा किनवटच्या पुढं एसटीनं जाऊन बघता येतो.

परदेशात कोडी सोडवायच्या याच कामाला फार खटपट करावी लागली. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवर ‘गेम ऑफ थ्रोन्स’ काढायला निघालेल्या दोघांना लेखकानं विचारलं म्हणे, की जॉन स्नोची आई कोण? त्यांनी बरोबर ओळखलं. आपल्याकडं कर्णाची आई कोण हे बालवाडीतल्या पोराला ठाऊक असतं, म्हणून आपली कोडी ‘कोण’ची नसतात, ‘का’ची असतात. ‘का’ जास्त दिवस टिकतं.

तूर्त उघडा असलेला प्रश्न सुमतीचा. कल्कीला पोटात वाढवणारी ही बाई दीपिका पदुकोणनं उभी केली. सप्टेंबर २०२५ मध्ये निर्मात्यांनी जाहीर केलं की पुढच्या भागात दीपिका नसेल. गर्भ आहे, नटी नाही. या प्रश्नात पुरुषांनी अक्कल पाजळू नये. अपघात, प्लास्टिक सर्जरी, गेलेली स्मृती, जुळी बहीण, नाहीतर सरळ ‘आजपासून ही भूमिका साकारतील’ अशी पट्टी: मालिका बघणाऱ्या काकू-मावशींनी हे सगळं वर्षानुवर्षं पचवलंय. तेव्हा त्यांच्या घोळक्यात जाऊन बसावं, समोर येतील त्या तुरीच्या शेंगा सोलाव्यात, आणि मधे बोलू नये.