टॅटूवाला कसा निवडावा: नवशिक्यांसाठी चित्रविरहित मार्गदर्शिका

सर्वप्रथम मोबाइल शंभर टक्के चार्ज करून घ्यावा. पूर्वी या कामाला मोबाइल लागत नसे, कारण निवडीचा प्रश्नच नव्हता. गोंदणारीण दारात येई, आजी तिला ओसरीवर बसवी आणि काजळीत बुडवलेल्या सुयांनी नातीच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर ठिपके किंवा तुळस उमटे. गोंदणारणीला किती जण फॉलो करतात हे कोणी विचारत नसे; उलट तिला पाहून पोरी पळत सुटत. मेल्यावर माणसाबरोबर फक्त गोंदण जाते अशी समजूत असल्यामुळे परत येऊन कोणी रिव्ह्यूही लिहीत नसे.

आता निवड आहे आणि ती अंगठ्याने करायची आहे. इन्स्टाग्राम उघडून ‘टॅटू’ हा शब्द आणि पुढे आपल्या गावाचे नाव टाकावे. एक रील शेवटपर्यंत पाहिली की पुढचा पंधरवडा दुसरे काही दिसणार नाही. हे अल्गोरिदमचे काम आहे, पण नवशिक्याने तो नियतीचा संकेत मानावा. लाखाच्या आतल्या फॉलोअरवाल्याकडे ढुंकूनही पाहू नये. फॉलोअर विकत मिळतात हे खरे, पण विकतचे आणि घरचे मोजायला गेले तर एकसारखेच भरतात, हा त्यांचा मोठा गुण. मग कॉमेंटमध्ये आगीची चित्रे किती आणि ‘भावा, नाद खुळा’ किती, याची बेरीज करावी. ही सगळी दाद टॅटूच्या पहिल्या दिवसाची असते. दोन वर्षांनी तोच दंड घेऊन त्याच पोस्टखाली कोणी परत येत नाही.

फोटो कसा पाहावा

दुरून, आणि मान डोलावत. कारण जवळून पाहिले तर शंका येऊ लागतात.

इन्स्टाग्रामवरचा टॅटू बहुधा सुई थांबल्यावर लगेच टिपलेला असतो. कातडी पुसून स्वच्छ केलेली, समोर रिंग लाइट, काळा रंग डांबरासारखा काळा, आणि भोवतीची लाली फोन कंपनीच्या कृपेने गायब. त्या क्षणी शाईचा काही भाग वरच्या त्वचेतही असतो, आणि ती त्वचा झडणार असते. टिकणारी शाई त्याखालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाते. दोन-तीन आठवड्यांत वरची खपली गळते, नवी त्वचा येते आणि तिच्या आडून उरलेली शाई दिसू लागते. म्हणून बरा झालेला टॅटू पहिल्या दिवसापेक्षा थोडा मवाळ दिसतो. शरीर मात्र या शाईला पाहुणी मानत नाही. तिथल्या रोगप्रतिकारक पेशी रंगाचे कण गिळून बसतात, त्या मेल्या की दुसऱ्या पेशी तेच कण पुन्हा गिळतात, आणि या देवाणघेवाणीत वर्षानुवर्षे रेषा हळूहळू जाड होत जाते. सुई खोल गेली असेल तर वर्षांची वाट पाहायला नको. रेषेभोवती निळसर धूर लवकरच दिसतो. वर राहिली असेल तर रेषा तुटक होते. हातात कसब आहे की नाही ते इथे कळते, आणि नेमके हेच पहिल्या दिवसाच्या फोटोत दिसत नाही.

म्हणून काही कलाकार ‘हील्ड’ असे लिहून सहा महिन्यांचे, वर्षाचे, क्वचित पाच वर्षांचे फोटो वेगळे ठेवतात. ते फिकट, साधे, कधी कधी केसाळ असतात. नवशिक्याने ते उघडू नयेत. विरस होतो.

पडद्यावरची कातडी फारच गुळगुळीत, बिनकेसांची आणि लालीरहित असेल तर ती बहुधा माणसाची नसते; सरावासाठी सिलिकॉनचे तुकडे मिळतात. त्यावर रक्त येत नाही, कोणी ‘आई गं’ करत नाही, हात हलत नाही. असा ग्राहक मिळाला तर कोणीही कलाकार होईल. आणि पाठीवरचा तो अप्रतिम वाघ गूगल लेन्समध्ये टाकून पाहू नये. तो भलत्याच देशातल्या भलत्याच माणसाच्या पाठीवर निघाला, तर इतके दिवसांचे संशोधन वाया.

जाता जाता सांगतो, ज्या केसाएवढ्या बारीक रेषांच्या नक्षीवर आपली कॉलेजची पोरे फिदा आहेत, ती शैली दक्षिण कोरियाने गाजवली. तिथे 1992 च्या न्यायालयीन निकालापासून टॅटू काढणे हे वैद्यकीय काम ठरले, म्हणजे डॉक्टर नसलेला प्रत्येक टॅटू-कलाकार कायद्याच्या नजरेत गुन्हेगार. दुकानाला उघड पाटी लावणे धोक्याचे. मग इन्स्टाग्राम हीच पाटी झाली. तिथल्या संसदेने टॅटू-कलाकारांसाठी कायदा केला तो थेट 2025 मध्ये. तिथे नाइलाजाने वापरलेली पाटी आपण इथे गुणपत्रिका म्हणून वाचतो आहोत.

दुकानात शिरल्यावर

नजर वर ठेवावी. वर निऑनच्या अक्षरांत काहीतरी इंग्रजी लिहिलेले असते, एका कोपऱ्यात बुद्ध असतो, दुसऱ्या कोपऱ्यात मोटारसायकलची टाकी. खाली, विशेषतः कचऱ्याच्या डब्याकडे, पाहू नये. पाहिले तर प्रश्न सुचतात, आणि प्रश्न विचारणारा ग्राहक रीलमध्ये चांगला दिसत नाही.

प्रश्न साधारण असे सुचतात. सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडले का, आणि त्यावरची मुदत संपलेली तर नाही ना? शाई बाटलीतून छोट्या टोपणात काढून घेतली का, आणि काम झाल्यावर टोपणात उरलेली फेकली का, की परत बाटलीत गेली? दाढी करायचे ब्लेड नवे आहे का? वापरलेली सुई कुठे गेली? 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत टोकदार वस्तूंसाठी सांगितलेल्या, भोक न पडणाऱ्या पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यासारख्या डब्यात, की चहाच्या कपांबरोबर? निळा दिवा लावलेली पेटी दाखवून कोणी ‘सगळे स्टरलाइझ आहे’ म्हणाला तर समाधान मानावे. ती पेटी निर्जंतुक केलेल्या वस्तू ठेवायला ठीक आहे. निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे 121 अंश सेल्सियसची दाबाखालची वाफ आणि किमान पंधरा मिनिटे. हेपटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागातसुद्धा, किमान सात दिवस तग धरतो. हेपटायटिस सी आणि एचआयव्हीही रक्तातूनच पसरतात. आपल्या रक्तपेढ्या टॅटू काढलेल्या माणसाचे रक्त वर्षभर घेत नाहीत, ते उगाच नव्हे.

पण या सगळ्याहून पाहण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती या समाजमाध्यमांच्या काळाचीच देणगी. कलाकाराने हातमोजे घातलेले असतात. सुई चालू असते. मध्येच प्रकाश छान पडतो, तो त्याच हातमोज्याने मोबाइल उचलतो, स्टोरी टाकतो, आलेले दोन मेसेज वाचतो, खाली ठेवतो आणि त्याच हाताने पुन्हा तुमच्या उघड्या जखमेकडे वळतो. तो मोबाइल सकाळपासून कुठे कुठे जाऊन आला आहे याचा विचार करू नये. शंभरातल्या शंभर जणांना ही स्टोरी आवडते.

जत्रेत फळीवर नागोबा, बदाम आणि बजरंगबली मांडून बॅटरीवर चालणारे यंत्र घेऊन बसणाऱ्या माणसाला आपण नाके मुरडतो, ते योग्यच आहे. त्याची एक सुई संध्याकाळपर्यंत अर्ध्या यात्रेला पुरते. फक्त एअर कंडिशनर असला म्हणजे सुई बदलते असा नियम नाही, इतकेच.

दर

चौरस इंचावर असतो, म्हणून घासाघीस करायला सोपा. तुळशीबागेत जे केले तेच करावे. ‘मित्राला टॅग करा, अर्धे पैसे माफ’ ही योजना चालू असेल तर मित्रालाही न्यावे. पैसे वाचवायचा दुसरा उपाय म्हणजे इंच कमी करणे: छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र दोन इंचांत बसवा म्हणावे. चांगला कलाकार म्हणेल की इतक्यात डोळे, मिशी आणि जिरेटोप वेगळे राहणार नाहीत, पाच वर्षांत सगळे एकमेकांत मिसळेल. असा माणूस ताबडतोब सोडावा.

खरे तर नाही म्हणणारा प्रत्येक माणूस सोडावा. बोटावर काढू नका, तिथली त्वचा सतत घासली जाते, शाई टिकत नाही, असे सांगणारा. मधुमेह आहे का, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, जखमेचा व्रण उंच वाढतो का, असे डॉक्टरी प्रश्न विचारणारा. काल रात्री घेतली असेल तर आज येऊ नका म्हणणारा. वय अठरा भरले का म्हणून आधार कार्ड मागणारा. पुढची तारीख दीड महिन्यानंतरची देणारा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिचे नाव हातावर घालण्याआधी आठ दिवस थांब रे, असे वडीलकीने सांगणारा. हो म्हणणारे भरपूर आहेत.

ज्यांना भरतीला जायचे आहे

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे सकाळी सकाळी डांबरी रस्त्यावर धावणारी जी पोरे दिसतात, त्यांनी कलाकाराआधी नियम पाहावा. भारतीय लष्करात कायमचा टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे. परंपरेने गोंदून घेणाऱ्या आदिवासींना सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणखी बारकावा: कोपराखालच्या हातावर काढायचा तर सलाम न करणाऱ्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, आणि त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान. छातीवर वाघ कोरून मैदानात उतरलेला मुलगा सोळाशे मीटर पळून जिंकतो आणि शर्ट काढायला लावल्यावर हरतो. त्याच्या वाघाचा फोटो कलाकाराच्या पानावर अजून असतो, लाइक्स चांगले असतात.

अक्षरे

आता थट्टा पुरे, कारण मराठी माणूस अंगावर चित्राइतकीच अक्षरे काढून घेतो: आई, बाबा, जगदंब, मुलीचे नाव, आणि हिंमत असेल तर राजमुद्रेवरचा अख्खा संस्कृत श्लोक. कलाकार ती हाताने लिहीत नाही, संगणकावर टाइप करून स्टेन्सिल काढतो. देवनागरी न कळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते, जोडाक्षर फुटते, पाय मोडलेली अक्षरे सुटी पडतात. कलाकार मराठी वाचणारा नसेल तर त्याला ते सगळे नक्षीच वाटते. ‘आशीर्वाद’ मधला शी दीर्घ असतो हे तर मराठी वाचणाऱ्यांनाही दुकानाबाहेर आठवते. शिवाय आपल्या लिपीत ध आणि घ, भ आणि म यांच्यातला फरक एका गाठीचा. अक्षर फार बारीक काढले, रेषा पसरली आणि गाठ मिटली की दहा वर्षांनी ‘भाऊ’ चा ‘माऊ’ होतो. लेझरने काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते, हिरवी-निळी हट्टी असते, पण कोणतीही एका बैठकीत जात नाही. दोन बैठकांमध्ये आठवडे जातात आणि एक वेलांटी पुसण्याचा खर्च ती काढण्याच्या कितीतरी पट येतो.

तेव्हा एवढे कराच. स्टेन्सिल कातडीवर उमटली की दुसऱ्याकडून सरळ फोटो काढून घ्या. आरशात अक्षरे उलटी दिसतात आणि घाईत सगळे बरोबरच वाटते. तो फोटो इन्स्टाग्रामवर टाकू नका. शाळेत मराठी शिकवलेल्या बाईंना पाठवा, आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत सुई सुरू करू देऊ नका.