पाठीवरचा डबा

मी पोहायला शिकलो सातव्या वर्षी, वाई तालुक्यातल्या आजोळच्या विहिरीत. मामाने माझ्या पाठीला गोडेतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा बांधला, कमरेला कासरा आवळला, "श्वास धर!" म्हणून ओरडला आणि वरून ढकलून दिलं. "भिऊ नको भाच्या, दोरी माझ्या हातात हाय!" हे मला हवेत असताना ऐकू आलं. नाकातोंडातलं पाणी ओकत वर आलो, तर मामा काठावर बसून तंबाखू मळत होता आणि कासऱ्याचं दुसरं टोक माझ्या शेजारीच तरंगत होतं.

त्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी माझ्या पाठीला पुन्हा डबा बांधला गेला. या खेपेला बुडण्यासाठी. त्याचे साडेचार हजार रुपयेही मीच मोजले.

अंदमानला मराठी माणूस जातो तो आधी सेल्युलर जेलमध्ये. आम्हीही गेलो. सावरकरांच्या कोठडीसमोर आमचा बडबडा ग्रुप पाच मिनिटं गप्प उभा राहिला. दुसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉक गाठलं. २०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप. तिथले किनारे लोक नंबराने ओळखतात. राधानगर म्हणजे सात नंबर, विजयनगर म्हणजे पाच नंबर. रिक्षावाल्याला नुसतं "पाच नंबर" म्हटलं की आपण बसस्टॉपवर उतरणार आहोत असं वाटतं. घड्याळ भारताचं आणि सूर्य ब्रह्मदेशाच्या बाजूचा, त्यामुळे संध्याकाळचा चहा होईस्तोवर अंधार पडतो. मग सगळी कामं पहाटेच. सहाच्या ठोक्याला आम्ही डाईव्ह सेंटरवर हजर.

"अहो, मालवणला काय वाईट होतं? तिथेही हेच करतात," बायको म्हणाली. तिला पोहता येत नाही, त्यामुळे ती निर्धास्त होती. मला येतं, त्यामुळे माझी झोप उडाली होती.

आधी एक फॉर्म. दमा आहे का, हृदयविकार आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का. मी खाली "नाही, नाही, नाही" लिहीत गेलो. बायको खांद्यावरून वाचत होती. घोरण्याचा रकाना नव्हता, याचं तिला वाईट वाटलं.

मग वेटसूट. उशीच्या अभ्र्यात गादी कोंबून बघा, म्हणजे अंदाज येईल. दोघांनी ओढून मला त्यात भरलं आणि तिसऱ्याने पाठीची चेन लावली. आमचा इन्स्ट्रक्टर तिथलाच, आजोबा बंगालमधून येऊन बेटावर वसलेले. वय चोवीस. त्याने मला पहिल्या क्षणापासून "अंकल" केलं आणि बायकोला "मॅडम".

"ऑक्सिजन किती वेळ पुरतो?" मी जाणकार चेहऱ्याने विचारलं.

"ऑक्सिजन नहीं अंकल, हवा. यही वाली." त्याने हात हवेत फिरवला.

म्हणजे इथे फुकट मिळणारी हवा, अकरा-बारा लिटरच्या नळकांड्यात दोनशे पट दाबून कोंबलेली. १९४३ साली कुस्तो आणि गान्यान या दोन फ्रेंच माणसांनी तोंडाने ओढू तेवढीच हवा सोडणारी तोटी बनवली आणि माणूस माशांच्या गावी जायला मोकळा झाला. ती तोटी तोंडात धरल्यावर बोलता येत नाही, हे त्यांनी मुद्दाम केलं की अनवधानाने, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत.

मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकायचं असतं. "थुंकू नका" या पाटीखाली उभं राहून जन्म काढलेल्या माणसाला आज्ञेवरून थुंकता येत नाही. बायकोने चटकन उरकलं. पुढचा प्रश्न माझ्या मिशीचा. मिशीतून मास्कमध्ये पाणी झिरपतं. "काट दें?" पोराने निर्विकारपणे विचारलं. अखेर व्हॅसलीनवर तडजोड झाली. तेहतीस वर्षं जोपासलेली मिशी ओठावर चोपून बसली आणि मी समुद्रात शिरायच्या आधीच सील मासा दिसू लागलो.

कमरेएवढ्या पाण्यात शिकवणी झाली. नियम एकच, पण तो त्याने सात वेळा सांगितला: "साँस कभी मत रोकना." कारणही सांगितलं. दहा मीटर खाली पाण्याचा दाब दुप्पट होतो. तिथे छाती भरून घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली तर तीही दुपटीने फुगू पाहते, आणि फुप्फुस काही फुगा नव्हे. डोक्याला पटलं. पण डोकं पाण्याखाली जाताच आतून मामा ओरडला, "श्वास धर!" मी धरला. पोराने माझ्या बरगडीत बोट खुपसलं. मी सोडला. पुन्हा डोकं खाली, पुन्हा मामा, पुन्हा बोट. बायको एव्हाना पाण्याखाली मांडी घालून बसली होती आणि तिचे बुडबुडे घड्याळाच्या ठोक्यांसारखे वर येत होते.

अखेर निघालो. दर हातभर अंतरावर नाक चिमटीत धरून कानात हवा ढकलायची. खंडाळ्याच्या घाटात जसे कान बसतात, तसे इथे दर पावलाला. पाच-सहा मीटरवर माझ्या मनगटातला देवाचा लाल दोरा बघता बघता तपकिरी झाला. पाणी आधी लाल रंग गिळतं, बाकीचे मागाहून.

आणि मग समोर एक समुद्रफूल. त्याच्या लुसलुशीत बोटांत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे बोटभर मासे. हे सगळे जन्मतः नर असतात. घरातली मादी गेली की सर्वांत मोठा नर मादी होतो आणि कारभार हातात घेतो. त्यातली मोठी माझ्या मास्कपर्यंत येऊन मला हाकलू लागली. तिच्याहून मी हजारपट मोठा, पण घर तिचं होतं. पलीकडे निळा-हिरवा पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता. चकली खाल्ल्यासारखा आवाज पाण्यातून स्वच्छ येत होता. खाल्लेलं प्रवाळ तो पांढरी वाळू करून मागे सोडतो. प्रवाळकिनाऱ्यांवरच्या वाळूत त्याचा मोठा वाटा असतो. आदल्या संध्याकाळी त्याच वाळूत मी डोळे मिटून लोळलो होतो. ताटाबाहेर माशांशी माझी ही पहिलीच भेट, आणि त्यांनी जुना हिशेब आधीच चुकता केला होता.

मी हरखून गेलो. पोराने खुणेने विचारलं, कसं काय? सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरपासून बारशापर्यंत सगळ्याला जे उत्तर देतो, तेच दिलं: अंगठा. पोराने तत्काळ मला धरून सावकाश वर आणलं.

"क्या हुआ अंकल?"

"कुठे काय? मस्त चाललंय!"

पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ "वर चला". ठीक आहे हे सांगायला तर्जनी आणि अंगठ्याचं गोल करायचं. हे त्याने शिकवलं होतं, पण तेव्हा मी मिशीच्या विचारात होतो. पुन्हा खाली गेलो. या वेळी गोलच करत राहिलो, प्रत्येक माशाला एक.

शेवटी तर पोरगा सोडून गेला असं वाटलं. मागे कुणी नाही, पुढे निळाई, आणि मी एकटा तरंगतोय. विहिरीत पहिल्यांदा हात मारता आले तेव्हा वाटलं होतं, तसं वाटलं. मामा ओरडला नाही. श्वास आपला आपण येत-जात होता.

संध्याकाळी फोटो आले. चाळीस फोटो. प्रत्येकात मी ऐटीत, आणि प्रत्येकात वरच्या कोपऱ्यात एक सावळा हात माझ्या नळकांड्याची मान घट्ट धरून.

रात्री मामाला फोन लावला. तो आता चौऱ्याऐंशीचा आहे. म्हटलं, "मामा, समुद्रात पंचवीस फूट खाली जाऊन आलो. पाठीला डबा बांधून."

बराच वेळ पलीकडून नुसता श्वास ऐकू आला.

"डबा बांधून खाली गेलास व्हय?" मामा म्हणाला. "मग फुटका आसंल रं त्यो. पैसे परत माग."