डावीकडं वळू का?

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी गावात डॉक्टर असतो आणि वॉर्डात अडगळ. गावाकडे आत्या त्याच्यापुढे रिपोर्टांची पिशवी उपडी करते. इकडे सिस्टर ‘जरा सरका’ एवढंच बोलतात.

मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये आधी हिस्टरी घ्यायची. ‘आजोबा, दम कधीपासून लागतोय?’ ‘पोळ्यापासनं.’ सरांना उत्तर आठवड्यांत हवं असतं, त्यामुळे एप्रनच्या खिशात टॉर्च, टेप, हॅमर आणि कालनिर्णय. मग छातीवर डावं मधलं बोट ठेवून त्यावर उजव्या बोटानं ठोकायचं. हवा असेल तर घुमतं, पाणी असेल तर ठस्स वाजतं. छाती ठोकून तपासायची मूळ विद्या 1761 मध्ये ऑस्ट्रियाच्या औएनब्रुगरनं जगापुढे मांडली. बाप खानावळवाला, घरात पिंपं ठोकून बघायची रीत. आमच्याकडे पिंपं नव्हती, म्हणून आम्ही मेसचं टेबल, लोखंडी कपाट आणि झोपलेला रूममेट ठोकला.

सर्जरीत शिकायचं ते उभं राहणं. हातात रिट्रॅक्टर येतो आणि ऑपरेशन सोडून सगळं दिसतं, मुख्यतः सरांची पाठ. लेबर रूममध्ये रात्रभर वाट बघायची. बाळ आलं की अ‍ॅपगार स्कोअर: पहिल्याच मिनिटाला दहापैकी गुण, पाचव्या मिनिटाला फेरपरीक्षा. जन्मतःच विद्यापीठ मागे लागतं. बालरोग विभागात सगळा क्रम उलटा. पोर आईच्या मांडीवर गप्प आहे तोवर छाती ऐकून घ्यायची, घसा शेवटी. कारण एकदा चमचा दिसला की पुढे फक्त रडणंच ऐकू येतं.

खरी शिकवणी मात्र कॉटवरून होते. प्रॅक्टिकलला हमखास बोलावल्या जाणाऱ्या एक काकू होत्या, मायट्रल स्टेनोसिसच्या, म्हणजे हृदयाची एक झडप अरुंद झालेल्या. समोरच्याचा चेहरा पांढरा पडला की हळूच विचारायच्या, ‘डावीकडं वळू का?’ वळून श्वास सोडून थांबायच्या आणि वर सांगायच्या, ‘स्टेथोची बेल लाव बाळा, त्या चपट्या बाजूनं नाही ऐकू यायचं.’ सरांनी जे वर्षभर ओरडून सांगितलं, ते काकूंनी एका कुशीत शिकवलं.

तेव्हा कधी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात दाखल झालात आणि सात-आठ एप्रन कॉटभोवती जमले, तर नको वाटल्यास खुशाल नाही म्हणा. तो तुमचा हक्कच आहे. पण जमत असेल तर एकदा डावीकडं वळा. उद्या तुमच्या नातवंडांना तपासायला यांच्यातलंच कुणीतरी असणार आहे.