डोंगराचे मालक

केपटाऊनच्या टेबल माउंटनची उंची १०८६ मीटर, माथा सपाट आणि मालकी आमच्या साडूभाऊंची. सातबारा तेवढा निघायचा राहिलाय.

परदेशात घर केलेले नातेवाईक बहुधा दोन प्रकारचे असतात. काहींना तिथलं काहीच पटत नाही. पंचवीस वर्षं राहूनही ते तात्पुरते आलेले असतात. काहींना मात्र तिथलं ऊन, वारा, समुद्र, सगळं स्वतःचं वाटू लागतं, आणि त्यात काही उणं निघालं तर मान खाली जाते तीही स्वतःचीच. साडूभाऊ दुसऱ्या प्रकारातले, आणि त्यातही कडवे. नोकरी संगणकाची, पण ती पोटापुरती. खरं काम डिसेंबरात सुरू होतं. तिथे तेव्हा भर उन्हाळा असतो आणि लातूर-सोलापूरकडून सासुरवाडीचे पाहुणे येऊ लागतात.

एका वर्षी पाहुण्यांत आम्ही दोघं, आमची दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाई आम्हा दोन्ही साडवांना समाईक, त्यामुळे साडूभाऊंवर दडपण होतंच. त्यात आम्ही विमानतळाबाहेर आलो तेव्हा डोंगरावर ढग. कड्यावरून पांढरंशुभ्र काहीतरी संथ खाली सांडत होतं. मुलं बघतच राहिली. साडूभाऊंचा मात्र चेहरा पडलेला.

"सकाळी सातपर्यंत स्वच्छ होता हो," डिकीत बॅगा कोंबताना ते म्हणाले. "आई, मी फोटो काढून ठेवलाय. हा बघा."

सासूबाईंनी फोन लांब धरून बघितला. "मग झालं की, जावईबापू. बघितला डोंगर."

त्या ढगाला तिथे टेबलक्लॉथ म्हणतात. उन्हाळ्यात आग्नेयेचा जोराचा वारा सुटतो. तो फॉल्स बे या उपसागरावरची दमट हवा डोंगराच्या पाठीवरून वर रेटतो; वर ती गार होते, तिचा ढग होतो आणि शहराकडच्या कड्यावरून खाली उतरू लागतो. खाली उबेला आला की विरतो. म्हणून तो तासन् तास सांडत राहतो आणि गावात कधी पोचत नाही. त्या वाऱ्याचं टोपणनाव केप डॉक्टर, कारण शहरावरचा धूर आणि धुरळा तो उडवून नेतो. याची एक दंतकथाही आहे. व्हान हुंक्स नावाचा निवृत्त समुद्री चाचा आणि सैतान यांची शेजारच्या सुळक्यावर चिलीम ओढायची पैज लागली, त्याचा हा धूर. साडूभाऊ ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगतात. चाचा आणि सैतान दोघांबद्दल त्यांचं वाईट मत नाही. त्यांचा राग तंबाखूवर आहे. नाहीतर पाहुण्यांना डोंगर रोज स्वच्छ दिसला असता.

घरात 'केप दौरा' नावाचा व्हॉट्सॲप गट. त्याचे सगळे सदस्य एकाच छपराखाली झोपलेले, तरी पहाटे पाचला फोन वाजायचे. 'वारा कमी. केबल कार सुरू राहील असे दिसते. साडेसहाला निघणे. प्रत्येकाने स्वेटर घेणे. पाण्याच्या बाटल्या काल रात्रीच भरून ठेवल्या आहेत.' मग पाचच मिनिटांत दुसरा संदेश: 'वारा वाढला. निघणे रद्द.' आणि आम्ही परत गादीवर अंग टाकावं तोच तिसरा: 'सव्वासहाला निघणे.' वारा जोरात असला की केबल कार बंद ठेवतात. ती चालू आहे का हे साडूभाऊ फोनवर बघतात, मग मागच्या अंगणात जाऊन डोंगराकडे बघतात, मग शेजाऱ्याच्या झाडाचा शेंडा बघतात. त्यांचा भरवसा शेंड्यावर.

शेवटी एका सकाळी शेंडा स्थिर होता. मुलांना पायजम्यातच गाडीत घातलं. इथली पहिली केबल कार १९२९ची; १९९७ मध्ये आलेल्या गोल डब्यात ६५ माणसं मावतात आणि वर जाईपर्यंत डब्याचा तळ सावकाश एक पूर्ण फेरी मारतो, म्हणजे कोपऱ्यात उभं राहणाऱ्यालाही चारी दिशा दिसाव्यात. भिंती फिरत नाहीत. हे साडूभाऊंनी घरापासून तीनदा सांगितलं होतं, तरी सासूबाईंनी आत शिरताच भिंतीकडचा दांडा गच्च पकडला. डबा निघाला, पाय समुद्राकडे चालले, हात डोंगराशी राहिले. "आई, सोडा! सोडा दांडा!" साडूभाऊ ओरडत होते. एका जर्मन दिसणाऱ्या बाईंनी सासूबाईंना कंबरेला धरून ठेवलं आणि उरलेला प्रवास दोघींनी एकमेकींना धरूनच केला.

वर गेल्यावर साडूभाऊंनी समोरचं सगळं नावानिशी दाखवलं. लायन्स हेड, सिग्नल हिल, गोदी, आणि दूर समुद्रात चपटं रॉबेन आयलंड. दाखवताना त्यांचा हात असा फिरत होता की पलीकडची आणखी थोडी जमीन घेण्याचा विचार चाललाय असं वाटावं. पायाशी खडकावर सशाएवढा, बिनशेपटीचा एक प्राणी ऊन खात बसलेला. त्याला तिथे डॅसी म्हणतात.

"आई, हा हत्तीचा जवळचा नातेवाईक," साडूभाऊ म्हणाले. हे खरं आहे. शास्त्रज्ञही तसंच सांगतात.

सासूबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "कुणीकडून? आईकडून का बापाकडून?"

साडूभाऊंकडे सहसा उत्तर असतं. त्या दिवशी नव्हतं. रात्री उशिरापर्यंत ते फोनवर काहीतरी वाचत बसले होते.

घरी न्हाणीघरात शॉवरखाली बादली, आणि भिंतीला दोन मिनिटांचं वाळूचं घड्याळ. त्याला कारण आहे. २०१८च्या सुरुवातीला केपटाऊनची धरणं तळाला गेली, नळ बंद करण्याच्या दिवसाला 'डे झीरो' असं नाव पडलं आणि १ फेब्रुवारीपासून माणशी रोज पन्नास लिटरचं बंधन आलं. लोकांनी पाणी वाचवलं, पुढे पाऊस झाला आणि तो दिवस टळला. साडूभाऊंच्या घरात मात्र तो अजून टळलेला नाही. आंघोळीची वाळू संपली की ते बाहेरून दार वाजवतात. पहिल्याच संध्याकाळी आम्हाला बैठकीत बसवून त्यांनी पाणीटंचाई म्हणजे काय ते समजावून दिलं. समोर लातूरची माणसं. २०१६च्या एप्रिलात ज्यांच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ती. सासूबाईंनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

"माणशी पन्नास लिटर?"

"हो ना, आई."

"रोज?"

"रोज."

"चैन होती म्हणायची," असं म्हणून त्या झोपायला गेल्या.

समुद्राच्या बाबतीत साडूभाऊ जरा अडचणीत येतात. क्लिफ्टन, कॅम्प्स बे हे किनारे दिसायला असे की डोळ्यांचं पारणं फिटावं: मागे डोंगर, पुढे पांढरी वाळू, पाणी निळंहिरवं. पण त्या बाजूला बेंग्वेलाचा थंड प्रवाह आहे. भर जानेवारीत पाण्यात पाय घातला की पोटरीची हाडं दुखतात. साडूभाऊ काठावर बूट घालून उभे आणि मुलांना सांगतायत, "आज त्या मानाने बराच कोमट आहे." ते स्वतः त्या पाण्यात कधी उतरलेले नाहीत, असं त्यांच्या बायकोने, म्हणजे ताईंनी, माझ्या बायकोला सांगितलं. बायकोने मला सांगितलं. मी कुणाला सांगितलेलं नाही.

दुपारी बारा वाजायच्या आत आम्ही गावात असलो तर ते बोलणं अर्ध्यात थांबवून बोट वर करत. रविवार आणि सुट्टीचे दिवस सोडून सिग्नल हिलवर रोज बारा वाजता तोफ डागतात. जुनी प्रथा, बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून पडलेली. धडाम् झालं की साडूभाऊ बोट खाली करत. आपणच बार उडवल्याचं समाधान तोंडावर.

पण त्यांची खरी कसोटी लागली ती न्यूलँड्सच्या क्रिकेट मैदानावर. भारत-दक्षिण आफ्रिका कसोटी ३ जानेवारी २०२४ला, बुधवारी सुरू व्हायची होती. साडूभाऊंनी फार आधी, विचार करून तिकिटं काढली होती. चौथ्या दिवसाची. "पहिल्या दिवशी काय, नुसतं जोखणं असतं. कसोटी रंगते चौथ्या दिवशी. शिवाय शनिवार." बुधवारी सिराजने १५ धावांत सहा बळी घेतले, आफ्रिका ५५ला आटोपली. मग भारताने १५३ वर सहा गडी एकही धाव न वाढवता घालवले. एका दिवसात २३ बळी. गुरुवारी भारत सात गड्यांनी जिंकला आणि सामना संपलासुद्धा. ६४२ चेंडूंत निकाल. निकाली कसोट्यांत इतकी छोटी आजवर दुसरी नाही. केपटाऊनमध्ये भारताने कसोटी जिंकली तीही पहिल्यांदाच. आम्ही घरात उड्या मारत होतो. साडूभाऊंनीही दोन मारल्या, पण मधेच थांबले. पुढे आयसीसीने खेळपट्टीला 'असमाधानकारक' शेरा दिला, तेव्हा त्यांनी मला लातूरला फोन करून दिलगिरी व्यक्त केली.

अशा रीतीने शनिवार मोकळा झाला आणि आम्ही केप पॉइंटला गेलो. वाटेत चॅपमन्स पीकचा रस्ता. नऊ किलोमीटरमध्ये ११४ वळणं, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला सरळ समुद्र. साडूभाऊ वळणं मोजून दाखवत होते, धाकट्याला ओकारी होईपर्यंत. मग सायमन्स टाउनजवळ बोल्डर्सचे पेंग्विन. १९८२ मध्ये दोन जोड्या तिथे आपण होऊन राहायला आल्या, त्यांची ही वसाहत. ओरडणं थेट गाढवाचं आणि मासळीचा वास दांडगा. वासाबद्दल साडूभाऊंनी लाकडी पुलावर चालताना दोनदा माफी मागितली. संख्या घटत चाललीय हे त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. पुढे २०२४च्या ऑक्टोबरात हे आफ्रिकी पेंग्विन 'अतिशय चिंताजनक' यादीत गेले. ती बातमी त्यांनी 'केप दौरा'वर टाकली, घरातलं कुणी दवाखान्यात असल्यासारखी, खाली 'काळजी नसावी' असं लिहून.

केप पॉइंटला ते प्रत्येकाची एक चूक दुरुस्त करतात. आफ्रिकेचं दक्षिण टोक हे नव्हे. ते आग्नेयेला अगुल्हासला, आणि हिंदी व अटलांटिक महासागरांची हद्दही तिथेच धरतात. हे ऐकून फोटो काढणारी माणसं हिरमुसतात, पण साडूभाऊ खोटा माल विकत नाहीत. १४८८ मध्ये बार्तोलोम्यू दियास इथून वळसा घालून गेला, १४९७ मध्ये वास्को द गामा.

"तोच का आपल्याकडं आलेला?" सासूबाईंनी विचारलं.

"हो," साडूभाऊ ओशाळून म्हणाले. "इथूनच गेला."

त्यांनी त्याला अडवायला हवं होतं, असं क्षणभर आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

वाहनतळावर पाट्या आहेत: बबून माकडांपासून सावध, त्यांना खाऊ घालणं हा गुन्हा. साडूभाऊंच्या सूचना त्याहून कडक. काचा बंद, दारं कुलूपबंद, उघड्यावर घास नको. सगळं पाळलं. फक्त सासूबाईंना गाडीतून उतरायला वेळ लागला आणि दार अर्ध्या मिनिटाकरता उघडं राहिलं. एक थोराड बबून आला, घाई न करता आत वाकला, मागच्या सीटवरची कापडी पिशवी घेऊन भिंतीवर जाऊन बसला. पिशवीत लातूरहून आणलेल्या पिठाचे धपाटे. त्याने फॉइल सोडवलं, एक धपाटा वास घेऊन बघितला आणि मग दोन्ही हातांनी सुरुवात केली. शेंगदाण्याची चटणी त्याने वेगळी खाल्ली.

साडूभाऊ पांढरेफटक. "आई, दंड होतो इथे! माकडाला खायला घालणं कायद्याने..."

"मी कुठं घातलं? त्यानं घेतलं," सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, पदर डोक्यावर घेत, "आन् शनिवार हाय. खाऊ दे."

रॉबेन आयलंडला मात्र साडूभाऊ आले नाहीत. तिकिटं त्यांनीच काढली, धक्क्यावर सोडलं, बोट सुटेपर्यंत हात हलवला. मंडेला सत्तावीस वर्षांच्या कैदेतली अठरा तिथे होते, आणि तुरुंग दाखवणारे वाटाडे पूर्वी तिथेच कैदी म्हणून राहिलेले. "तिथे मी काय सांगणार?" साडूभाऊ म्हणाले. त्या सगळ्या मुलखात त्यांनी हक्क सोडलेली एवढी एकच जागा.

निघायच्या आदल्या रात्री ताईंनी भाजी निवडता निवडता सांगितलं की पाहुणे नसले की हे कुठेच जात नाहीत. शनिवार-रविवार सोफ्यावर पडून मराठी मालिका बघतात. डोंगर स्वच्छ असतो, वारा नसतो, केबल कार चालू असते, तरी अंगणात जाऊन एकदा बघतात आणि परत येतात. "मी म्हणते, चला ना आपण दोघंच. तर म्हणतात, आपल्याला काय, आपला घरचाच आहे."

तेव्हा डिसेंबर-जानेवारीत केपटाऊनला जाणार असाल तर एवढंच सांगतो: सकाळी डोंगर मोकळा दिसला की हातातला चहा ठेवून आधी वर जा; उद्यावर टाकू नका, वाऱ्याचा नेम नसतो. अंगावर स्वेटर घ्या, डब्यातला दांडा धरू नका आणि केप पॉइंटला धपाटे नेऊ नका. आमच्या साडूभाऊंना फोन केलात तर तेही हेच सांगतील, फक्त दीड तास घेतील आणि न्यायला विमानतळावर येतील.