कालव्याची वाट लावू नका

पुण्यात रविवारी पहाटे सायकल मोटारीच्या टपावर बसून फिरायला निघते. चांदणी चौक ओलांडला की ती खाली उतरते, मुळशीच्या दिशेने पंचवीस-तीस किलोमीटर धावते, मिसळ खाते आणि ऊन चढायच्या आत पुन्हा टपावर चढून घरी येते. सायकल चालवायची तर आधी मोटार घ्यावी लागते, एवढी प्रगती आपण एका पिढीत करून दाखवली. मालकाला विचारा, घरापासूनच का नाही चालवत? तो म्हणतो, ‘मरायचंय का?’ त्याचं चुकत नाही हो. कर्वे रस्त्यावर सकाळी नऊला सायकल घालून बघा, घरचे विम्याचे कागद शोधायला लागतील.

हे तेच शहर. इथे सायकलला महापालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला की हवालदार शिट्टी मारायचा आणि कोपऱ्यावरच्या दुकानात तासावर सायकल भाड्याने मिळायची. आता भाड्याच्या सायकलीला ॲप लागतं. २०१७-१८ च्या सुमारास अशा रंगीत सायकली आल्याही होत्या. फूटपाथवर रांगेत उभ्या राहिल्या, फोटो निघाले, पुढे कुणाची चेन गेली, कुणाचं सीट, आणि मग सायकलीच गेल्या.

त्याच सुमारास, डिसेंबर २०१७ मध्ये, महापालिकेने सायकल आराखडाही मंजूर केला. ८२४ किलोमीटरचं जाळं! पुण्याहून नागपूरला जाऊन शंभरेक किलोमीटर वर उरतील एवढं. कागदावर हा मार्ग सलग आहे, रुंद आहे, त्याला सावलीही आहे. जमिनीवरचा नमुना बघायचा तर सातारा रस्त्यावर जा. २००६ मध्ये तिथे बीआरटी आली, तिच्याबरोबर सायकल मार्गही आला. पुढे त्या मार्गावर विजेचा डीपी आला, भेळेची गाडी आली, बुलेट लागल्या, दुकानाची पाटी येऊन उभी राहिली. सायकल सोडून सगळं काही त्या मार्गावर सुखाने नांदलं.

या सगळ्या गडबडीत पुण्यातला सायकलसाठी सगळ्यात सोयीचा रस्ता सायकलसाठी कुणी बांधलेलाच नाही. तो आहे कॅनॉलचा रस्ता. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा सिंहगड रस्त्याच्या वस्त्यांमागून पर्वतीच्या पायथ्याशी येतो, स्वारगेट, एम्प्रेस गार्डन, हडपसर करत फुरसुंगीकडे सरकतो आणि पुढे दौंड-इंदापूरच्या उसाला पाणी पाजतो. या कालव्याची लांबी दोनशे किलोमीटरच्या वर आहे. त्याच्या भरावावर पाटकऱ्याच्या फेरीसाठी ठेवलेली मातीची वाट म्हणजे हा रस्ता.

ही वाट चांगली का, याचं कारण भूगोलाच्या पुस्तकात आहे. कालव्यातलं पाणी पंपाने ढकलत नाहीत, ते आपल्या पायाने चालतं. त्यासाठी कालवा टेकडीवर चढत नाही की दरीत उतरत नाही, तो समउंचीच्या रेषेने वळणं घेत जातो आणि कळेल न कळेल इतकाच उतार घेतो. १८७०च्या दशकात फाईफ नावाच्या गोऱ्या इंजिनिअरने खडकवासल्याला धरण बांधलं, कालवे काढले, तेव्हा त्याच्या डोक्यात पाणी होतं, सायकल नव्हती. पण पाण्याला सपाट लागतं आणि सायकललाही. टेकड्यांनी भरलेल्या या शहरात कालव्याकडेला चढ शोधून सापडत नाही. शिवाय सिग्नल नाही, बस नाही आणि काही पट्ट्यांत दोन्ही बाजूंनी झाडं.

हौशी मंडळींनी ही वाट आता हेरली आहे. मोबाइलवर तिचा नकाशा फिरतो, ‘हिडन जेम’ म्हणून. लपलेली कुणापासून, एवढंच विचारायचं राहतं. रात्रपाळी संपवून मगरपट्ट्यातून घरी निघालेला वॉचमन या वाटेने कित्येक वर्षं येतोय. काळी, डबल नळीची, बावीस इंची सायकल. मडगार्डला तारेचा टाका, कॅरिअरवर जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळलेला डबा, चेनकव्हरची खरखर दहा पावलांवरून ऐकू येणारी. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही, माकडटोपी आहे. त्याने किती अंतर कापलं हे कुठल्या ॲपला कळत नाही, म्हणून ते आकडेवारीतही येत नाही. समोरून बोटभर रुंदीच्या टायरवर लायक्रावाला येतो आणि भरावावरची बाभूळ त्याची वाट बघत असते. सातव्या मिनिटाला तो खाली बसून ट्यूब बदलतोय आणि वॉचमनचा दीड इंची टायर तोच काटा पचवून खरखरत पुढे गेलाय, हे दृश्य बघण्यासाठी लवकर उठायला हरकत नाही.

आता उगाच गोडवे नकोत. ही वाट म्हणजे काही हॉलंड नव्हे. मोठा रस्ता आडवा आला की ती तुटते, आणि पलीकडे जायला कठडा ओलांडावा लागतो. जागोजाग राडारोडा, जागोजाग कचरा, आणि पाण्याच्या बाजूला धड कठडा नाही. आवर्तन चालू असलं की पाणी काठोकाठ, पोहता येणाऱ्यालाही काळजी वाटावी असं. भरावाची प्रकृती काय आहे ते २७ सप्टेंबर २०१८ ला कळलं. जनता वसाहतीजवळ भर दिवसा कालवा फुटला आणि पाणी दांडेकर पुलाच्या वस्तीत घुसलं. लोकांचे संसार वाहून गेले. तेव्हाच्या जलसंपदामंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांकडे बोट दाखवलं. निदान भरावाखाली कोण राहतं याची सरकारदरबारी नोंद तरी झाली. भरावालगत कोण राहतं, त्याची अजून व्हायची आहे.

पुढचं संकट खेकड्याहून मोठं आहे. खडकवासला ते फुरसुंगी कालवा बोगद्यातून न्यायचा, अशी योजना आहे. पाण्याची गळती आणि चोरी थांबेल, हे खरं. मग वरची जागा मोकळी होईल. शहराच्या ऐन पोटातून गेलेली, आधीच सरकारी मालकीची, सपाट, लांबलचक पट्टी. तिचं काय होईल हे सांगायला पंचांग लागत नाही. डावा कालवा आठवा. तो शिवाजीनगरकडे पाणी नेत होता. आता तिथे ‘कॅनॉल रोड’ आहे आणि त्याच्या कडेला मोटारी उभ्या आहेत. उजव्याचं नशीब वेगळं असेल असं मानायला माझ्याकडे तरी कारण नाही.

आणि समजा, चमत्कार होऊन ती पट्टी सायकललाच दिली, तर मला जास्त भीती वाटते. कारण मग तिचा ‘विकास’ होईल. मातीवर पेव्हर ब्लॉक बसतील, पहिल्या पावसात निम्मे उखडतील. बाकांवर माननीयांची नावं येतील. ओपन जिम येईल, ‘आय लव्ह’ लिहिलेला सेल्फी पॉइंट येईल, तो बघायला आलेल्यांसाठी पार्किंग येईल, आणि शेवटी ‘सायकलींना प्रवेश नाही’ अशी पाटीही येईल. २०२६च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय सायकल शर्यतीसाठी आपण रस्त्यांवर नवं डांबर टाकून दाखवलंच की. म्हणजे सायकलसाठी रस्ता नीट करता येतो, फक्त सायकलवाला पाहुणा असावा लागतो. इथला असेल तर त्याने आराखडा वाचावा.

तेव्हा जलसंपदा खात्याला आणि महापालिकेतल्या नव्या नगरसेवकांना विनंती. कालव्याकाठी उद्घाटन होईल असं काहीही करू नका. भरावावरचा राडारोडा उचला, तो टाकणाऱ्या डंपरला दंड करा, वस्तीलगत पाण्याच्या बाजूला कठडा घाला. जिथे रस्ता आडवा येतो तिथे गतिरोधक टाका, आणि फाटक बसवाल तेव्हा शेजारी वॉचमनची सायकल डब्यासकट जाईल एवढी फट ठेवा. बोगदा झालाच, तर वरच्या जागेवर मोटार येणार नाही असा ठराव बोगद्याच्या आधी करा, नंतर नको.