आजोबा, नमुन्यात बसता का?

दिवाळीची सुट्टी संपली की मानसशास्त्राच्या एम.ए.ची मुलं ज्येष्ठ नागरिक संघांच्या दारात दिसू लागतात. पाठीला सॅक, हातात प्रश्नावल्यांचा गठ्ठा आणि चेहऱ्यावर 'आजोबा, फक्त दहाच मिनिटं'. विषय बहुधा एकच असतो: वृद्धाश्रमात राहणाऱ्या आणि कुटुंबासोबत राहणाऱ्या ज्येष्ठांच्या एकाकीपणाचा तुलनात्मक अभ्यास. इकडचे तीस, तिकडचे तीस. त्यात निम्मे पुरुष, निम्म्या स्त्रिया. निष्कर्ष असा की वृद्धाश्रमातल्या माणसांना एकटं वाटतं. ही बातमी विद्यापीठांना दरवर्षी नव्यानं कळते आणि दरवर्षी तिला 'ए' ग्रेड मिळते.

प्रश्न विचारण्याची हत्यारं बाहेरून आलेली असतात. त्यातलं सगळ्यात लाडकं म्हणजे येसावेज आणि मंडळींनी १९८० च्या दशकात अमेरिकेत तयार केलेली ज्येष्ठांच्या नैराश्याची मापनश्रेणी. मूळचे तीस प्रश्न, मग घाईच्या लोकांसाठी पंधरा. उत्तर फक्त हो किंवा नाही. चाचणी चांगली आहे, जगभर वापरतात, तिच्यावर माझा राग नाही. पण त्यात एक प्रश्न साधारण असा आहे: बाहेर पडून काही नवं करण्यापेक्षा घरीच राहणं तुम्हाला बरं वाटतं का? 'हो' म्हटलं की नैराश्याच्या खात्यात एक गुण जमा.

आता हा प्रश्न वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या आजींना विचारून पाहा. आजी क्षणभर मुलीकडे बघतात. "घरी? हो गं बाई, घरी राहायला कुणाला नाही आवडणार? कोण नेतंय?" मुलगी 'हो'वर खूण करते आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते. 'कोण नेतंय' लिहायला कागदावर रकाना नाही. रात्री होस्टेलवर बेरीज होते आणि त्या 'हो'चं नैराश्य होऊन ते तक्त्यात जाऊन बसतं. मुलीचं काही चुकलेलं नाही. नियमपुस्तिकेत लिहिल्याप्रमाणेच तिनं गुण दिलेत.

मुलांना हसणं सोपं आहे, पण चार महिन्यांत म्हातारपण मोजून बाइंड करून द्या, असं सांगणारी माणसं त्यांच्यापेक्षा मोठी आहेत. चार महिन्यांत कुणी म्हातारं होत नाही. फार तर आज विशीत असलेल्यांशी आज सत्तरीत असलेल्यांची तुलना करता येते. ती तुलना किती फसवी असते, हे एका विद्यार्थ्यानंच सुरू केलेल्या कामातून दिसलं, आणि ते सुरू होऊनही आता सत्तर वर्षं होत आली.

१९५६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात पीएचडी करणारा वॉर्नर शाय सिएटलच्या एका आरोग्य सहकारी संस्थेच्या सभासदांतून ५०० जण निवडून त्यांच्या बौद्धिक क्षमता तपासायला बसला. (सहकारी संस्थेच्या सभासदांची यादी ज्ञानाच्या कामी आली, हे वाचून आपल्याकडच्या चेअरमन मंडळींना ठसका लागेल.) त्या वेळच्या आकड्यांतून दिसलं तेच सगळ्यांना आधीपासून वाटत होतं: वय वाढलं की बुद्धी उतरते. प्रबंध झाला, पदवी मिळाली. इथं आपल्याकडे सत्कार होऊन विषय बंद झाला असता. शाय मात्र सात वर्षांनी पुन्हा त्याच माणसांकडे गेला. मग दर सात वर्षांनी जात राहिला, नवी माणसंही घेत राहिला. एकाच माणसाला वर्षानुवर्षं तपासल्यावर चित्र बदललं. बहुतेक क्षमता साठीपर्यंत बऱ्यापैकी टिकून होत्या. एकदाच घेतलेल्या चाचणीत जो उतार दिसत होता, त्यातला बराचसा भाग वयाचा नव्हताच. तो पिढ्यांमधला फरक होता. आधीच्या पिढीला शाळा कमी मिळाली, तिचे गुण कमी आले आणि आपण म्हणालो, बघा, म्हातारी विसरते.

आपल्याकडे हा फरक किती मोठा असेल? १९५१ च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांची साक्षरता ९ टक्क्यांच्याही आत होती. त्या सुमाराला जन्मलेल्या मुली आज आज्या आहेत, आणि आपण त्यांना द्विपदवीधर नातीशेजारी बसवून शंभरातून सात सात वजा करायला लावतो. नात मोबाइल काढते म्हणून तिला बुद्धिमान म्हणायचं आणि आजी बोटं मोजते म्हणून तिच्यापुढे प्रश्नचिन्ह.

फोलस्टाइन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी १९७५ मध्ये दिलेली तीस गुणांची छोटी चाचणी जगातल्या कुठल्याही स्मृती-क्लिनिकमध्ये ठाऊक असते. तिच्यात कागदावर लिहिलेली सूचना वाचून डोळे मिटायचे असतात आणि एक वाक्य स्वतः लिहायचं असतं. ज्या बाईला कुणी शाळेतच घातलं नाही, तिचे हे गुण मेंदू तपासण्याआधीच गेले. हरियाणातल्या बल्लभगडच्या गावांत काम करणाऱ्या मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हे ओळखून १९९५ मध्ये चाचणीचं हिंदी रूप प्रसिद्ध केलं. वाचायच्या जागी आलं, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा. लिहायच्या जागी आलं, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. केवढासा बदल! पण त्यासाठी गावात जाऊन बसावं लागलं. आपल्या लघुप्रबंधांच्या परिशिष्टात 'संशोधकाने केलेला मराठी अनुवाद' असं लिहिलेलं असतं, तो अनेकदा बसमध्ये झालेला असतो.

ज्येष्ठांच्या पाहणीचं देशभराचं मोठं काम मुंबईत देवनारला बसलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं केलं. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत पंचेचाळीस आणि त्यावरच्या वयाची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जण. त्यातूनच निवडलेल्या साठीपुढच्या चार हजारांवर लोकांची नंतर खोलात तपासणी झाली आणि २०२३ मध्ये अंदाज आला की देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असावा. स्त्रियांत जास्त, खेड्यांत जास्त. आता हा आकडा हातात असताना मुलांनी वृद्धाश्रमातलेच तीस आणि घरातलेच तीस का मोजावेत? तर वृद्धाश्रम बसस्टॉपपासून जवळ आहे आणि तिथली माणसं कुठं जात नाहीत. नमुना निवडीची ही पद्धत पुस्तकातही आहे. तिथं तिला सोयीचा नमुना म्हणतात, प्रबंधात 'यादृच्छिक'.

विद्यार्थ्यांच्या सोयीची आणखी एक गंमत आहे. १९९३ मध्ये सिंथिया मे, लिन हॅशर आणि एलेन स्टोल्टझफस यांनी स्मृतीची चाचणी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी घेतली. बहुतेक ज्येष्ठ सकाळचे पक्षी, कॉलेजातली मुलं संध्याकाळी जागी होणारी. दुपार कलल्यावर चाचणी घेतली तेव्हा म्हातारे तरुणांच्या बरेच मागे पडले. सकाळी घेतली तेव्हा फरक जवळजवळ उरलाच नाही. म्हणजे आजोबा पहाटे पाचला उठून, फिरून, दूध आणून, पेपर पाठ करून बसलेले असतात. आणि त्यांची स्मरणशक्ती तपासली जाते दुपारी चारला, कारण तपासणारा बाराला उठतो.

हे मी ओळखीच्या एका मार्गदर्शकांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, मुद्दा रास्त आहे, पण विभागाचं कुलूप साडेदहाशिवाय उघडत नाही, किल्ली शिपायाकडे असते. शिपायाला लवकर बोलवा म्हटलं तर म्हणाले, आता काय सांगायचं त्याला, तो पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. एका विद्यार्थिनीनं त्याचं नाव नमुन्यात घालूनही ठेवलंय.