दाजींची पलटण

गळीत हंगाम लागला की बिद्रीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते आणि सगळा गाव टनेज, उतारा आणि पहिली उचल यांखेरीज दुसरं काही बोलत नाही. आमचे दाजी त्या दिवसांत एका राक्षसाच्या खालच्या दाताला कीड लावत असतात. राक्षस अठ्ठावीस मिलिमीटरचा, म्हणजे इंचाहून थोडा मोठा. त्यात दात केवढा, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. दाजींनी तो भिंगाखाली केलेला आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. खता-बियाणांचं दुकान, थोडा ऊस, दोन म्हशी. दिवसा माणूस अगदी सरळ. रात्री जेवणं उरकली की टेबलावरचा दिवा लागतो आणि पेढ्याचा रिकामा डबा उघडतो. त्यात ओला स्पंज, स्पंजावर बटर पेपर, त्यावर शेवाळी, शेणकट, पू-पिवळा असे रंग. ते तिथं रात्रभर वाळत नाहीत. अक्का पेढ्याच्या आशेनं तो डबा एकदाच उघडायला गेली होती.

हा नाद विलायतेचा. १९७५ साली लंडनमध्ये तीन मित्रांनी ‘गेम्स वर्कशॉप’ नावाची कंपनी काढली. तिचा ‘वॉरहॅमर’ हा खेळ १९८३मध्ये आला. आता कारभार नॉटिंगहॅमहून चालतो. टेबलावर दोघांनी आपापली सैन्यं मांडायची, टेपनं मोजून ती पुढं सरकवायची आणि कोण मेलं ते फाशांना विचारायचं. प्यादी प्लॅस्टिकची, करड्या रंगाची आणि सुट्ट्या भागांत येतात. कापणं, चिकटवणं, रंगवणं ज्याचं त्यानं करायचं. त्या जगात सदा अंधार, सदा साथीचे रोग आणि पडकी देवळं. सुगी म्हणून कधी येत नाही.

खेळायला दोघं लागतात, ही मोठी अडचण. दाजींच्या सैन्याला पूर्ण कागल तालुक्यात विरोधक मिळालेला नाही. कागलमध्ये विरोधक मिळत नाही असं दुसऱ्या कुठल्याच बाबतीत कुणी म्हणू शकणार नाही. म्हणून दाजींचं सैन्य लढत नाही, नुसतं रंगतं. एकदा मी फासे पुढं केले, तर म्हणाले, “पावणं, हात लावू नगा. घामानं चकाकी जाती.” मला वाटतं, उद्या दारात खरोखर शत्रू उभा राहिला तर दाजी त्याला चहा पाजून परत पाठवतील.

रंगवण्याची रीत त्यांनी मला इतक्यांदा सांगितली आहे की मी झोपेत म्हणून दाखवीन. आधी काळा प्रायमर. मग फक्त वरून पांढरा फवारा, म्हणजे उजेड कुठं आणि सावली कुठं ते आपोआप कळतं. पुढचे रंग पातळ. थर जाड बसला की कातडीच्या सुरकुत्या बुजतात. त्यावर गढूळ पाण्यासारखा वॉश सोडायचा, तो वाहत जाऊन खाचांत बसतो. मग ब्रश फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून नुसता फिरवायचा, की हाडं वर येतात. दुकानात फवारणीचं औषध घ्यायला आलेल्या शेतकऱ्यालाही ते हेच सांगतात: एक जाड हात नको, दोन पातळ मारा. ह्यात नुकसान झालेला शेतकरी मला तरी भेटलेला नाही.

ब्रश तीन शून्याचा, कोलिन्स्की केसांचा. हे केस सायबेरियातल्या एका मुंगसासारख्या जनावराच्या शेपटीचे. टोक सुईसारखं यावं म्हणून रंगवणारे ते ओठांत धरून ओलं करतात. गुरुवारी दाजींचा दत्ताचा उपवास, त्या दिवशी जनावराचा केस तोंडात कसा घालायचा? म्हणून गुरुवारी नायलॉनचा ब्रश. त्यामुळं गुरुवारी रंगवलेले राक्षस जरा ढोबळ निघतात आणि ते मागच्या रांगेत उभे असतात.

कुणी ‘भुतं’ म्हटलं की दाजी थेट बाबूराव पेंटरांपर्यंत जातात. त्यांच्या १९२०च्या ‘सैरंध्री’ सिनेमातला कीचकवध एवढा खरा दिसला की सेन्सॉरनं तो कापायला लावला. “कोल्हापूरच्या मातीतच हाय हे,” दाजी म्हणतात. स्वतःच्या राक्षसांना मात्र अजून कुणी सेन्सॉर लावलेला नाही, ही त्यांची खंत असावी. २०२४च्या डिसेंबरात ती विलायती कंपनी लंडनच्या शेअरबाजारातल्या शंभर बड्या कंपन्यांच्या यादीत गेली, तेव्हा त्यांनी अक्काला मोबाईल दाखवला. “बघ. येड्याचे चाळे म्हणत हुतीस.”

“मग शेअर घ्यायचे हुते की. भुतं कशाला घेतलासा?”

दाजींनी दोन दिवस ब्रश धरला नाही.

दिवाळीत गल्लीतली पोरं किल्ला करतात तेव्हा दाजींची तारांबळ उडते. बोळातल्या किल्ल्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच आणि वाघ बुरुजाएवढा हे त्यांना बघवत नाही. एका वर्षी पोरांनी मातीचे मावळे रंगवायला दिले. दाजींनी पहिल्या मावळ्याच्या डोळ्यांखाली जागरण रंगवलं, मोजड्यांवर घाटाची धूळ, पागोट्याच्या घडीघडीत सावली. तोवर तुळशीचं लग्न लागलं. बाकीचे मावळे अजून काळ्या प्रायमरमध्ये उभे आहेत.

यंदा पोरं शहाणी झाली. त्यांनी रंगवायला काहीच दिलं नाही. प्रतापगड केला आणि दाजी दुकानात असताना कपाटातला एक राक्षस उचलून अफजलखान म्हणून शामियान्यात बसवला. पायाखाली कुटलेल्या चिपाडाचं वाळलं गवत, अंगावर फोड, पोटातून आतडं बाहेर. कोथळा काढायचे कष्टसुद्धा वाचले. दोन दिवसांनी तो परत आला तो गुडघ्यापर्यंत चिखलात बरबटलेला. पोरं दारात माना खाली घालून उभी. दाजींनी भिंग लावलं. बराच वेळ बोलले नाहीत.

“हा चिखल कुठला रं?”

“वड्याकडचा.”

“च्या मायला, मी दोन वर्सं ह्यो रंग मिसळायलोय!” आणि घमेलं घेऊन निघालेच. अक्का औक्षणाचं ताट घेऊन आडवी आली. पाडवा होता. दाजींना पाटावर बसवलं, तर त्यांनी राक्षस मांडीवर घेतला. “ताट जरा खाली धर. उजेड खालनं आला की ह्येचा जबडा कसा भारी दिसतोय बघ.”

“ओवाळणी काय घालताय?”

दाजींनी घरभर नजर फिरवली. स्वयंपाकघराच्या भिंतीचे पोपडे गेली कित्येक वर्षं सुटताहेत. “सैपाकघर रंगवून देतो.”

अक्काचा हात ताटासकट थांबला. “खरंच? कवा?”

“उद्याच. पर आदी सगळ्या भिंतींस्नी काळा प्रायमर माराय लागंल.”